हेलिपॅड आखले की ड्रोन खाली!

संग्रामपूर : निवडणुकीचा प्रचार असो वा पूरस्थितीची पाहणी, तालुक्याच्या गावी हेलिकॉप्टर उतरणार म्हटले की मैदानावर चुन्याचे वर्तुळ आणि त्यात इंग्रजी 'एच' हे अक्षर आखले जाते. पाणी शिंपडून धूळ बसविली जाते, पोलिसांचे कडे उभे राहते. हे दृश्य टिपण्यासाठी एरवी लग्नसमारंभात फिरणारा एखादा ड्रोनही आकाशात झेपावतो. 'आपला तालुका नकाशावर हिरवा आहे, परवानगी कशाला?' हा त्यामागचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरवे, पिवळे आणि लाल अशी तीन क्षेत्रांत विभागणी केली. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची अनुमती आवश्यक असते. चालू विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांवर येते. अकोल्याचे शिवणी विमानतळ संग्रामपूरपासून याहून कितीतरी दूर असल्याने येथे विमानतळाचे बंधन पोहोचत नाही.

रंग बदलतो तेव्हा

मात्र हा रंग कायमचा नाही. राज्य सरकार किंवा पोलिस यंत्रणा एखाद्या भागावर कमाल ९६ तासांसाठी तात्पुरते लाल क्षेत्र घोषित करू शकते. पोलिस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याला हा अधिकार असून, ही घोषणा 'डिजिटल स्काय' या संगणकीय प्रणालीवर करावयाची असते. त्यामुळे आदल्या आठवड्यात पाहिलेला नकाशा उड्डाणाच्या दिवशी उपयोगाचा नसतो.

अशी घोषणा झालेली नसली तरी ड्रोनचालकाची जबाबदारी संपत नाही. वैमानिक असलेल्या प्रत्येक विमानाला वा हेलिकॉप्टरला आधी वाट देणे आणि त्यापासून दूर राहणे नियमांनी बंधनकारक केले आहे. नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

धोका नेमका कुठे?

उतरताना आणि उड्डाण घेताना हेलिकॉप्टर ड्रोनसाठी खुल्या असलेल्या याच ४०० फुटांच्या थरातून जाते. वैमानिक शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतो. त्यामुळे ते कोणत्या बाजूने येईल, हे मैदानावरील बघ्यांना सांगता येत नाही. वैमानिकाला हातभर आकाराचा ड्रोन दिसणे कठीण, तर चालकाचे डोळे पडद्यावर खिळलेले. शिवाय संपर्क तुटल्यास अनेक ड्रोन ठरावीक उंची गाठून आपोआप माघारी फिरतात.

२१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडनजीक अमेरिकी लष्कराच्या 'ब्लॅक हॉक' हेलिकॉप्टरवर एक ड्रोन आदळला. उंची होती सुमारे ३०० फूट. हेलिकॉप्टरच्या पात्याला इजा झाली, पण ते सुखरूप उतरले. ड्रोन चालकाच्या नजरेपलीकडे गेलेला होता. टक्कर झाल्याचे त्याला कळलेही नव्हते.

तात्पुरत्या हेलिपॅडवर सावरायला वाव किती कमी असतो, हे महाराष्ट्राने त्याच वर्षी अनुभवले. २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्व जण बचावले. तारा निदान जागच्या हलत नाहीत. ड्रोन हलतो.

काय करावे?

उड्डाणापूर्वी त्याच दिवशी नकाशा तपासावा, स्थानिक पोलिस ठाण्यात चौकशी करावी, ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवावा. हेलिकॉप्टरचा आवाज कानी येताच उंची न वाढविता तो खाली घ्यावा. शेतातील फवारणीचा ड्रोनही याला अपवाद नाही.

जुलै २०२३ मधील अतिवृष्टीने संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत हाहाकार माजविला. त्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या ग्रामस्थांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर रवाना करावी लागली होती. सभेला आलेले हेलिकॉप्टर परत फिरले तर भाषण हुकते. बचावासाठी आलेले परत फिरले तर छपरावर वाट पाहणारी माणसे मागे राहतात.