जर्मनीच्या व्हिसावर पॅरिसला जाता येतं का?

परभणी, सेलू किंवा गंगाखेडहून जर्मनीतल्या मुलाकडे महिनाभर जायचं ठरलं, की आई-वडिलांना प्रश्न पडतो: पॅरिस, स्वित्झर्लंड पाहायला वेगळा व्हिसा लागेल का?

नाही. जर्मनीचा अल्प मुदतीचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. तो सहसा २९ देशांत चालतो. त्यात फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आहेत. युरोपीय संघात नसलेलं स्वित्झर्लंडही आहे. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे करायचा.

लंडनचं गणित वेगळं. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतोच. शिवाय शेंगेन व्हिसा ‘सिंगल एंट्री’ असेल, तर लंडनहून पुन्हा जर्मनीत येता येत नाही. परतीचं विमान जर्मनीतून असेल, तर मोठीच पंचाईत. म्हणून असा बेत असल्यास अर्जातच ‘मल्टिपल एंट्री’ मागा.

व्हिसाच्या स्टिकरवर तारखांसोबत मुक्कामाचे दिवसही छापलेले असतात. कोणत्याही १८० दिवसांत कमाल मर्यादा ९० दिवसांची; पण स्टिकरवर ३० असतील, तर ३०च. सगळ्या शेंगेन देशांतले दिवस एकत्र मोजतात, पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. व्हिसाची तारीख शिल्लक असली, तरी दिवस संपले की निघावंच लागतं.