अपस्मार : दैवी कोप नव्हे, मेंदूचा आजार



दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी जगभर आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. त्याच महिन्यात नाशिक रोड येथील बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात; कुणी नवस फेडण्यास, कुणी आजारी लेकरासाठी मागणे मागण्यास. ‘फादर, माझ्या मुलाला फिट येते, त्याच्या डोक्यावर हात ठेवा,’ ही विनवणी आम्हा धर्मगुरूंना नवी नाही. प्रार्थना आम्ही करतोच. परंतु ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारले की पुष्कळदा आई मान खाली घालते. त्या मौनासाठीच हा लेखप्रपंच.

मेंदूत काय घडते?

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. पेशीच्या आवरणातील अतिसूक्ष्म द्वारांतून सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण आत-बाहेर होतात आणि त्यातून क्षीण वीज निर्माण होते. दोन पेशींच्या मधल्या फटीतून निरोप पोचविण्याचे काम मुख्यतः रसायने करतात. त्यांपैकी ग्लुटामेट हे पुढच्या पेशीला चेतविते, तर गाबा तिला शांत करते. या दोहोंच्या समतोलावर आपले बोलणे, चालणे व विचार करणे अवलंबून असते.

हा समतोल ढळला की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात वीज सोडू लागतात. हीच फिट, आकडी किंवा फेफरे. प्रत्येक रुग्ण कोसळून हातपाय झाडतोच असे नाही. एखादे मूल वर्गात काही क्षण शून्यात पाहत राहते आणि ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खाते. तीदेखील फिट असू शकते. जन्मवेळी मेंदूस प्राणवायू कमी पडणे, डोक्यास मार लागणे, मेंदूज्वर, आनुवंशिकता, तसेच अस्वच्छ अन्नपाण्यातून गेलेल्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी, अशी कारणे यामागे असतात. कित्येकदा कारण सापडत नाही. मात्र करणी, बाहेरची बाधा किंवा पूर्वजांचे पाप हे कारण कधीच नसते.

संशोधनाची वाटचाल

चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावे असलेल्या प्राचीन ग्रंथातही ‘पवित्र रोग’ म्हटला जाणारा हा विकार मेंदूतून उद्भवतो असे स्पष्ट म्हटले आहे. पुरावा मिळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने मानवी मेंदूतील विजेचा आलेख प्रथम टिपला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. हाच आजचा ईईजी. ‘डोक्याला शॉक देतील’ या भीतीने अनेक जण ही तपासणी टाळतात. वास्तविक येथे मेंदूला वीज दिली जात नाही, मेंदूचीच वीज वाचली जाते. तीही व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढी.

औषधांचा इतिहासही बोलका आहे. १८५७ साली ब्रोमाईडचा उपयोग नोंदविला गेला, १९१२ साली फेनोबार्बिटोन आले. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी प्राण्यांमध्ये विजेने फिट निर्माण करून ती थोपविणारे रसायन शोधले आणि मग रुग्णांवर त्याची परीक्षा केली. ते औषध म्हणजे फेनिटॉईन. ते चेतापेशींची सोडियमची द्वारे आवरते, तर फेनोबार्बिटोन गाबाला बळ देते. ही दोन्ही आजही भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. उरलेल्यांतील काहींना शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

ख्रिस्तसभा आणि समाज

संत मार्कच्या शुभवर्तमानात (९:१४-२९) तोंडाला फेस येणाऱ्या मुलाचा बाप प्रभूपुढे रडतो. प्रभू बापाला दोष देत नाही. मुलाचा हात धरून त्याला उभे करतो. आम्ही मात्र दीर्घकाळ निराळे वागलो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९१७ च्या धर्मसंहितेत (कलम ९८४) अपस्माराच्या रुग्णांना वेडाने किंवा भूतबाधेने पछाडलेल्यांच्या पंक्तीत बसवून गुरुदीक्षेस अडथळा मानला होता. १९८३ च्या धर्मसंहितेत अपस्माराचा तो उल्लेख उरला नाही. देशाच्या कायद्यानेही १९९९ साली हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतून अपस्माराची अट वगळली. धर्मसंहिता बदलली, कायदा बदलला; उंबरठ्याआतले मन बदलायचे आहे. लग्न मोडेल म्हणून आजही मुलीचा आजार लपविला जातो आणि सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ या संस्थेद्वारे स्वानुभवातून रुग्णांचा आधारगट उभा केला आणि त्यांच्या विवाहाचा प्रश्नही हाती घेतला, तो याच वेदनेपोटी.

आपण काय करावे?

गर्दीत कुणाला फिट आली तर कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नये, हातात किल्ल्या कोंबू नयेत, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. टोकदार वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधीच पुन्हा आली, तर १०८ ला बोलवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रार्थनासभेनंतर बरे वाटले, म्हणून गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. एकाएकी औषध तोडल्यास न थांबणारी फिट येऊन जीवही जाऊ शकतो. गरोदर होऊ इच्छिणाऱ्या भगिनींनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. काही औषधे बाळास अपाय करतात, परंतु बदल डॉक्टरांनीच करावा. गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. बुद्धी देणारा परमेश्वर आहे आणि त्याच बुद्धीने माणसाने ती गोळी शोधली आहे.

यंदा यात्रेत एखादी माऊली लेकराला घेऊन पुढे आली, तर आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवूच. परंतु तिने औषधाची चिठ्ठीही सोबत आणावी, एवढीच आमची विनंती.