माणसे वाढली की जागा आटली?

मुंबईच्या कोणत्याही दुखण्याचे निदान विचारले की एक उत्तर ठरलेले असते: लोकसंख्या. लोकलमध्ये उभे राहायला जागा नाही, कारण माणसे वाढली. नळाला पाणी नाही, माणसे वाढली. रुग्णालयात खाट नाही, माणसे वाढली. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात दोष कोणाच्याच माथी येत नाही. बाहेरून येणाऱ्या माणसाकडे एकदा बोट दाखवले की राज्यकर्ते मोकळे, प्रशासन मोकळे आणि जमिनीचे मालकही मोकळे. परंतु जनगणनेचे आकडे बारकाईने वाचले तर हे निदान अपुरे असल्याचे ध्यानात येते.

१९५१ साली बृहन्मुंबईची वस्ती सुमारे ३० लाख होती. १९६१ मध्ये ती साडेएकेचाळीस लाख, १९७१ मध्ये जवळजवळ ६० लाख आणि १९८१ मध्ये ८२ लाखांवर गेली. त्या तीस वर्षांत शहर फुगले, हे निर्विवाद आहे. गिरण्या, गोदी, कारखाने आणि कचेऱ्या यांनी कोकणातून, घाटावरून आणि परप्रांतांतून माणसे ओढून आणली. पुढे मात्र चित्र पालटले. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. बृहन्मुंबईची वाढ चार टक्केसुद्धा भरली नाही. मुंबई बेटावरची वस्ती तर ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. उलट तेव्हाचा ठाणे जिल्हा (ज्यातून २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला) ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर पोहोचला. माणसांचा ओघ थांबला नाही. त्याला मुंबईत थारा मिळेनासा झाला आणि तो खाडीपलीकडे वळला. तेव्हा माणसे किती वाढली याच्याइतकाच, जागा कशी आटली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जमीन निसर्गाने मोजूनमापून दिलेली आहे आणि मुंबई तर मुळातच बेटांचे शहर. पण उपलब्ध जमीन कोणाच्या वाट्याला यावी, हे निसर्ग ठरवत नाही, कायदे ठरवतात. त्यांतला पहिला मोठा कायदा १९४७ चा भाडेनियंत्रणाचा. युद्धकाळात घरांची टंचाई होती, भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण मानून ते वर्षानुवर्षे गोठवले गेले. परिणामी घरमालकाने डागडुजी सोडली आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. जुन्या बिऱ्हाडांना छप्पर टिकले, ही त्या कायद्याची पुण्याई. नव्याने येणाऱ्याला मात्र पागडी मोजण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मोडकळीस आलेल्या इमारती सावरण्यासाठी १९६९ मध्ये खास कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. १९९९ च्या नव्या कायद्याने १९४७ चा कायदा बाजूला सारला, पण तोवर तीन पिढ्या उलटल्या होत्या. ज्या चाळींनी गिरणी कामगाराला आणि कारकुनाला परवडणारे भाड्याचे घर दिले, त्या बांधणे शहराने केव्हाच सोडून दिले होते.

दुसरा कायदा १९७६ चा, नागरी जमीन कमाल धारणेचा. मुंबईत एका व्यक्तीला ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन बाळगता येणार नाही आणि वरकड जमीन सरकारजमा होऊन तिच्यावर दुर्बलांसाठी घरे उभी राहतील, असा त्याचा उदात्त संकल्प होता. वास्तवात या कायद्याने देशभर सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमीन वरकड ठरली आणि प्रत्यक्ष ताबा मिळाला तो जेमतेम १९ हजार हेक्टरांचा. बाकीची जमीन कज्जेदलालीत आणि सवलतींच्या अर्जांत अडकली. बाजारात येणाऱ्या जमिनीचा ओघ आटला आणि जमीन मोकळी करून देण्याचा अधिकार मात्र मंत्रालयात एकवटला. महाराष्ट्राने हा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला. समतेच्या नावाने आलेल्या कायद्याने टंचाईला हातभार लावावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

तिसरी संधी गिरण्यांच्या जमिनीने दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची घडी विसकटली. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे साधारण तीन वाटे सुचवले: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक ‘म्हाडा’ला घरांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, केवळ ज्या भागावर बांधकाम नव्हते त्या भागाची होईल, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जागा किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला. एका शब्दाच्या व्याख्येने मैदाने, शाळा आणि हजारो घरे यांची जागा हातची गेली. त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे, आलिशान सदनिका आणि दुकानांची संकुले उभी राहिली. घरांसाठी अर्ज केलेले कामगार लाखाहून अधिक आणि मिळालेली घरे त्या मानाने मूठभर, हा या व्यवहाराचा ताळेबंद आहे.

या सर्वांच्या जोडीला चटईक्षेत्राचा नियम. १९९१ च्या नियमावलीने ते बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ असे ठरवले. मर्यादेमागचा हेतू गर्दी रोखण्याचा होता. पण पुढे हीच मर्यादा अधिमूल्य घेऊन, हस्तांतरणाचे हक्क देऊन, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बदल्यात शिथिल होत गेली. सार्वजनिक सोयींच्या क्षमतेवर बेतायचा नियम विक्रीचा जिन्नस बनला. १९९५ पासूनची झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना तर उघडउघड जमिनीच्या भावावरच उभी आहे: झोपडीवासीयाला फुकट घर आणि त्याचा खर्च निघेल एवढी विक्रीची जागा बांधकाम व्यावसायिकाला. साहजिकच जेथे भाव चढे तेथे योजनेला गती आणि जेथे ते नाहीत तेथील वस्ती वर्षानुवर्षे ताटकळत. २०११ च्या गणनेत बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यांत केवळ नवागतच होते असे कोण म्हणेल? वर्षानुवर्षे शहरात नोकरी करणारा, मुलांना शाळेत घालणारा माणूसही तेथेच होता, कारण त्याच्या पगारात बसेल असे कायदेशीर घर शहराने बांधलेच नाही.

ज्यांना झोपडीही नको आणि मुंबईतले घरही परवडत नाही, त्यांनी विरार, मिरा रोड, दिवा, डोंबिवली, बदलापूरची वाट धरली. शिक्षक, कारकून, परिचारिका, दुकानातला नोकर, बँकेतला शिपाई ही मंडळी दिवसा मुंबईची आणि रात्री दुसऱ्याच नगरपालिकेची झाली. मिरा-भाईंदरची वस्ती दहा वर्षांत सव्वापाच लाखांवरून आठ लाखांवर गेली. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेत दोनच वर्षांनी सव्वाबारा लाख लोक मोजले गेले. घर स्वस्त मिळाले, पण त्याची उरलेली किंमत हा माणूस रोज लोकलच्या दारात लटकून चुकती करतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ भरगच्च गाड्यांतून पडून प्रवासी दगावले. त्या अपघाताचे खापर केवळ रेल्वेवर फोडून भागणार नाही; त्याची एक मुळी जमिनीच्या धोरणात आहे.

सार्वजनिक सेवांचा व्यस्तपणा येथूनच सुरू होतो. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता, गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाहून कितीतरी मोठा. के. ई. एम., नायर, शीव यांसारखी शिक्षण-रुग्णालये तिच्याजवळ, भातसा आणि वैतरणेचे पाणी तिच्याजवळ. जेथे वस्ती वाढते आहे, त्या महापालिकांजवळ मात्र यातले थोडेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा कारणांची पुष्कळ चर्चा झाली. एका रुग्णालयावर ठाणे आणि पालघरमधील किती गावांचा भार आहे, हेही त्यानिमित्ताने उघड झाले. पाण्याची कथा आणखी विपरीत. भातसा आणि तानसा ही जलाशये ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सेवा माणसांच्या मागोमाग जात नाहीत, त्या हद्दीच्या आत राहतात.

आणि पैशाची वाट कोणती? मुंबईत काम करणाऱ्याच्या श्रमाने कचेरीचे मोल वाढते. त्या कचेरीचा मालमत्ता कर मुंबईला मिळतो. त्याच माणसाच्या मुलाची शाळा, घरचे पाणी आणि गल्लीतले गटार यांचा खर्च वसईने किंवा कल्याणने करायचा. २०१७ मध्ये मुंबईतली जकात गेली आणि भरपाईसाठी राज्याकडे पाहणे आले. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला दिलासा मिळणे गैर नाही. पण कराचा पाया जसजसा आक्रसतो, तसतसा पालिकेचा जीव बांधकामाच्या अधिमूल्यात अडकतो. ज्या संस्थेचे उत्पन्न जमीन महाग राहण्यावर अवलंबून, ती जमीन स्वस्त व्हावी म्हणून झटेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

याहून वेगळे काही घडू शकते का? त्याचे उत्तर नवी मुंबईच्या अनुभवात अंशतः सापडते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये ‘सिडको’ स्थापन झाली. जमीन सार्वजनिक मालकीत घ्यावी, सोयी उभारल्याने तिचे जे मोल वाढेल ते पुन्हा सोयींतच घालावे, हे त्यामागचे सूत्र. तेथील लोकलमार्गाचा ६७ टक्के खर्च ‘सिडको’ने उचलला आणि १९९२ मध्ये गाडी वाशीला पोहोचली. म्हणजे जमिनीच्या वाढत्या किमतीतून रेल्वे उभी राहू शकते. पण याची दुसरी बाजू विसरता येत नाही. ही जमीन ९५ गावांची होती. रास्त मोबदल्यासाठी लढणाऱ्या पाच शेतकऱ्यांना जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात प्राण गमवावे लागले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यानंतर विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. सार्वजनिक हिताचे शहर उभारताना भूमिपुत्रांना वाऱ्यावर सोडता येत नाही, हा धडा महागात पडला.

तात्पर्य, जमिनीचे मोल मालकाच्या कर्तृत्वाने थोडे आणि भोवतालच्या समाजाच्या वर्दळीने, रेल्वेने, पाण्याने अधिक वाढते. त्या वाढीतला न्याय्य हिस्सा समाजाकडे परत यावा आणि तो एका पालिकेच्या तिजोरीत न थांबता संपूर्ण महानगर प्रदेशात, माणसे जेथे राहतात तेथे, खर्च व्हावा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केलेली आहे. तिला पैसा आणि अधिकार दिल्यास आरंभ करता येईल. भाड्याने देण्यासाठीची घरे पुन्हा बांधली जातील, असे करांचे आणि जमिनीचे धोरण हवे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. नव्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. नवे आकडे येतील तेव्हा माणसे किती वाढली, हे साऱ्यांच्या तोंडी असेल. विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या शिक्षिकेच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न वेगळा आहे: ज्या शहराची मुले ती शिकवते, त्या शहरात तिला राहायला जागा का नाही? त्याचे उत्तर जनगणनेच्या तक्त्यांत नाही, जमिनीच्या कायद्यांत आहे. आणि कायदे माणसांनी केलेले असल्याने ते माणसांना बदलताही येतात.