ओळख पटली, आता फोन ठेव

शाखेचा राउटर मुख्यालयाला फोन लावतो. मुख्यालयाचा राउटर तो उचलतो, नाव विचारतो, खात्री करून घेतो, फोन ठेवतो आणि मग स्वतःच उलट फोन करतो. ओळख पटल्यावर फोन ठेवायचा कशाला, हे मला कळेना. म्हणून डायल-अपच्या त्या दिवसांत एका सहकारी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये मी जाऊन बसलो.

तिथल्या नेटवर्क इंजिनिअर मॅडमनी एका वाक्यात सांगितलं, "मिस्ड कॉलसारखंच आहे, फक्त नाव विचारून." बिल मुख्यालयाच्या माथी येतं, हा एक फायदा. दुसरा त्याहून मोठा. उलट फोन जातो तो मुख्यालयात आधीच लिहून ठेवलेल्या नंबरवर. नाव आणि पासवर्ड चोरीला जाऊ शकतात. पण चोराने कुठूनही फोन केला तरी घंटी वाजणार ती शाखेतच. या कॉलबॅकची बोलणी राउटरांनी कशी करायची, ते जानेवारी १९९४ च्या आरएफसी १५७० या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेलं आहे. 'मला उलट फोन कर' ही विनंती अगदी सुरुवातीलाच होते, ओळखपरेड त्यानंतर.

त्या दिवशी एका शाखेची ओळख पटत होती, फोन ठेवला जात होता आणि पुढे जोडणी होत नव्हती. खोलीतल्या सगळ्यांचं एकच मत होतं: लाइन खराब. टेलिफोन खात्याकडे तक्रार नोंदवायची तयारीही झाली होती. मॅडम मात्र लॉग पाहिल्याशिवाय काही बोलायला तयार नव्हत्या. डायल टोन होता, मॉडेम ठीक होता, पासवर्ड जुळत होता. डायल करायच्या नंबरात बाहेरची लाइन घेण्यासाठी शून्य होतं आणि त्यापुढे स्वल्पविराम. मॉडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. तो राहून गेला तर लाइन मिळण्याआधीच आकडे निघून जातात. तोही जागेवर होता.

उरली ती एकच ओळ: बिझी. शाखेने नुकताच फोन ठेवलेला, तिथे त्या लाइनवर दुसरं कोणी बोलत नाही, मग बिझी कोण?

मॅडमनी शाखेच्या दुसऱ्या लाइनवर तिथल्या जुन्या कारकुनांना गाठलं. "काका, कॉल तुटला की तुमचा मॉडेम काय करतो, तेवढं फक्त ऐका."

मॉडेमची खरखर थांबली. खोलीत कोणी बोलेना.

"गप्प आहे मॅडम... आता परत डायल करायला लागला."

"किती वेळाने?"

"पंधरा सेकंद झाले असतील."

मॅडमनी आपल्या पडद्यावर बोट ठेवलं. इथेही १५. सिस्कोच्या राउटरवर वेगळं काही सांगितलं नाही तर एक कॉल संपल्यावर त्या लाइनवरून पुन्हा डायल करण्याआधी १५ सेकंद जातात. काउंटरवर काम तुंबलेलं, म्हणून शाखेचा राउटर १५ सेकंदांनी पुन्हा मुख्यालयाला फोन लावायचा. मुख्यालय १५ सेकंदांनी शाखेला. दोघं एकदम लाइन उचलायचे आणि दोघांनाही समोरचा बिझी मिळायचा.

मॅडमनी मुख्यालयाचे १५ चे ५ केले आणि शाखेचे ३०. शून्य का नाही, असं मी विचारलं. एक्स्चेंजला लाइन मोकळी करायला आणि मॉडेमला भानावर यायला थोडा वेळ लागतो, म्हणून. पुढच्या कॉलला शाखेत घंटी वाजली, खरखर सुरू झाली आणि जोडणी टिकली.

आज बँका ग्राहकांना बजावतात: बँकेतून बोलतोय असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा आणि कार्डावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. त्या राउटरांचा नियम हाच होता आणि तो मला आजही शहाणपणाचा वाटतो. पण नियम शहाणा असून भागत नाही; फोन ठेवल्यावर कोणी थांबायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

त्या दिवशी जोडणी टिकली, पण मॅडम तेवढ्यावर उठल्या नाहीत. बाकीच्या शाखा तपासल्या, तर तिथेही १५च. तिथे गर्दी कमी, कॉल तुटला तेव्हा पाठवायचं काही उरलेलं नसे, म्हणून शाखेचा राउटर पुन्हा फोन लावत नसे आणि दोष दिसत नसे. तक्रार एकाही शाखेची नव्हती. तरी मॅडमनी ते सगळे आकडे त्याच संध्याकाळी बदलले.