जोडनळ्या बदलताना

स्वयंपाकघरातील जुन्या मिक्सर-नळाखाली दोन जोडनळ्या असतात. एकीतून ऊन पाणी येते, दुसरीतून थंड. तोटी बंद असली, तरी या नळ्यांवर पाण्याचा दाब रात्रंदिवस असतोच. म्हणून जीर्ण नळी घरात कोणी नसतानाही फुटू शकते. ती वेळीच बदलणे बरे.

मुलांनो, प्रथम भिंतीवरील दोन्ही कॉक बंद करावेत आणि तोटी उघडून दाब घालवावा. मग खाली बादली ठेवून जुनी नळी सोडवावी. नव्या नळीतील रबरी वायसर नीट बसला आहे ना, हे पाहावे. सांध्यातील फट तोच बुजवतो. पाणी अडते ते त्याच्यामुळे, आपल्या बळामुळे नव्हे. नट हाताने आवळून पान्याने किंचितच फिरवावा. अधिक जोर केल्यास वायसर चिरडतो. शेवटी कॉक हळूहळू उघडून सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. तो कोरडाच राहिला, की काम चोख झाले!