स्माइल प्लीज, ब्रुनो! पण रेट काय?

कुत्र्या-मांजरांचे फोटो काढायचे आणि वर त्याचे पैसेही घ्यायचे. ऐकायला किती मस्त वाटतं, नाही? पण ‘किती घेणार?’ असं समोरच्यानं विचारलं की भल्याभल्यांची बोबडी वळते.

तुमच्या ऑफिसमध्ये अशी एक व्यक्ती नक्की असणार, जिच्या मोबाइलमध्ये नवऱ्याचे फोटो चार आणि लॅब्रेडॉरचे चारशे. अशाच मंडळींच्या जिवावर पेट फोटोग्राफी हा हटके धंदा चालतो.

माझी एक मैत्रीण त्यात उतरलीय. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. शनिवार-रविवार गळ्यात कॅमेरा आणि खिशात चिकनचे सुके तुकडे. फोटो झकास काढते. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं तिच्या मनात आहे. घरचे म्हणाले, ‘आधी हिशेब दाखव.’ ती हिशेबाला बसली तेव्हा मी शेजारीच होते. ‘शब्दाला किती?’ हा प्रश्न मीही नेहमी झेलते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा!

तिचा रेट होता १५०० रुपये. हा आकडा आला कुठून?

‘अगं, जास्त सांगायला लाज वाटते. मी तर कुत्र्याशी खेळते फक्त!’

खेळते? आम्ही एका शूटचे तास मांडले. आधीचे फोन आणि ठरवाठरवी, अर्धा तास. कोथरूडहून विमाननगरला जाऊन-येऊन दोन तास (ट्रॅफिकची कृपा असेल तर). प्रत्यक्ष शूट दीड तास, त्यातला पहिला अर्धा तास ब्रुनोसाहेब बॅग हुंगणार, मग सोफ्याखाली जाणार. चारशे फोटोंतून वीस निवडायला दीड तास. आणि त्या विसांवर काम करायला साडेतीन तास. कारण काळ्या कुत्र्याच्या चेहऱ्यात डोळे हरवतात, ते उजळायचे असतात. बागेत पट्टा सोडता येत नाही, सोडूही नये, मग तो फोटोतून पुसायचा. बेरीज नऊ तास. पेट्रोल, खाऊ आणि पेन ड्राइव्हचे ५०० वजा केले तर हातात उरले १०००. म्हणजे तासाला साधारण १११ रुपये!

आणि कॅमेरा? तो काय आभाळातून पडला? कॅमेरा आणि लेन्स मिळून १,८०,००० रुपये. तीन वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला ५०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, दुरुस्ती यांचे आणखी ३०००. म्हणजे एकही कुत्रा दारात आला नाही, तरी महिन्याला ८००० जाणारच.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. वीकएंडच्या कामातून तिला महिन्याला २४,००० सुटायला हवेत. वरचे ८००० धरून ३२,०००. शनिवार एक, रविवार एक अशी आठ शूट मिळाली, तर एका शूटमागे ४०००, अधिक ५०० वरखर्च. झाले ४५००. हा तिचा तळ. याच्या खाली गेलं की ती खिशातले पैसे घालून दुसऱ्याच्या कुत्र्याचे लाड करणार.

पण नोकरी सोडायची तर? तेव्हा ५०,००० तरी हवेत. खर्च धरून ५८,०००. ४५०० च्या रेटनं महिन्याला पंधरा शूट लागतात. सध्या येतात तीन-चार. शिवाय जून ते सप्टेंबर बागेतल्या शूटचा काही भरवसा नाही. हा आकडा कागदावर आला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘रेट ६५०० केला तर दहा शूट पुरतात.’ बरोबर आहे. फक्त तेवढे देणारे लोक आधी शोधायला हवेत.

‘नवीन आहे म्हणून स्वस्त’ हा फंडा मला अर्धाच पटतो. सुरुवातीला सवलत द्या, जरूर द्या; पण बिलावर पूर्ण रक्कम लिहा, खाली सवलत वजा करा आणि ती पहिल्या पाच जणांनाच आहे हेही सांगा. नाहीतर १५०० हाच तुमचा भाव ठरतो. सोसायटीतल्या काकू पुढच्या काकूंना तोच सांगतात, आणि त्या काकू म्हणतात, ‘अगं, लग्नाचे फोटो थोडेच आहेत, एका कुत्र्याचे तर आहेत!’ काकूंना एवढंच सांगायचं की नवरी सांगितलेल्या जागी उभी तरी राहते.

फुकट काम करायचंच असेल, तर दत्तक जाण्याची वाट बघणाऱ्या कुत्र्यांचं करा. चांगला फोटो बघून एखाद्या देशी पिल्लाला घर मिळू शकतं आणि तुमचा पोर्टफोलिओही तयार होतो. महिन्यातून एक दिवस. तोही आधी ठरवून.

आता एक गोष्ट अशी, जी नव्यांपैकी फार कमी जण विचारात घेतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो ग्राहक असतो. तुम्ही नाही! घरच्या अल्बमसाठी ठीक आहे. पण उद्या एखाद्या डॉग फूडवाल्यानं शूट करून घेतलं आणि तो फोटो पाकिटावर छापला, तर? म्हणून घरगुती रेट वेगळा, जाहिरातीचा वेगळा, आणि हक्क कुणाचे हे आधी लिहून घ्यायचं.

ग्रामोफोनच्या भोंग्यापुढे बसलेला तो ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा आठवतोय? आजोबांच्या रेकॉर्डवरचा? त्याचं नाव निपर. फ्रान्सिस बरॉड या चित्रकारानं १८९९ मध्ये ते चित्र ग्रामोफोन कंपनीला विकलं. चित्राचे ५० पौंड आणि कॉपीराइटचे ५० पौंड. निपर जगभर पोचला. बरॉडनं निदान हक्कांचा आकडा वेगळा लावला होता. आपण तर तो प्रश्नही विचारत नाही.

बाकी किरकोळ. तारीख ठरवताना निम्मे पैसे आगाऊ घ्या. ऐनवेळी ‘आज त्याचा मूड नाही’ असे फोन बरेच कमी होतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. इन्कम टॅक्सचा हिशेब मात्र ठेवाच.

मैत्रिणीनं राजीनामा दिवाळीनंतरवर ढकललाय. रेट ४५०० केला. पहिल्या ताईंनी घासाघीस केली आणि गेल्या. दुसऱ्या क्षणात ‘चालेल’ म्हणाल्या, तेव्हा हिला रात्रभर झोप नाही. आपण कमी तर नाही ना सांगितले? मांजरांचा रेट मात्र अजून ठरायचाय. मागच्या रविवारी बाणेरच्या एका पर्शियन बाईसाहेब दोन तास कपाटावरून उतरल्याच नाहीत.