प्रदेशनियंत्रण व सांस्कृतिक सीमा, व्यूहखेळांतील

ज्या खेळांत जयपराजय मुख्यतः योजनेवर अवलंबून असतो, त्यांना व्यूहखेळ (स्ट्रॅटेजी गेम) म्हणतात. पटावरील किंवा संगणकाच्या पडद्यावरील नकाशाचा भाग सत्तेखाली आणणे व तो टिकविणे, हे यांतील अनेक खेळांचे मुख्य उद्दिष्ट असते. प्रदेश मिळविण्याचे दोन मार्ग या खेळांत आढळतात : सैन्याने जागा व्यापणे आणि संस्कृती, व्यापार वा लोकसंख्या यांच्या प्रभावाने ती आपल्याकडे ओढणे. दुसऱ्या मार्गाने ठरणाऱ्या सीमेस सांस्कृतिक सीमा अशी संज्ञा आहे. अहमदनगर जिल्ह्याचा (2024 पासून अहिल्यानगर) इतिहास या नियमांशी ताडून पाहिल्यास त्यांची उपयुक्तता व मर्यादा या दोहोंचा बोध होतो.

पूर्वपीठिका : जागा अडविण्याची कल्पना प्राचीन आहे. वाघबकरी या खेळात बकऱ्या वाघाला मारू शकत नाहीत. त्याच्या हालचालीची सर्व घरे अडवून त्याची कोंडी करणे, हाच त्यांचा विजय होय. चीनमध्ये उगम पावलेल्या ‘गो’ या खेळात 19 उभ्या व 19 आडव्या रेषांच्या पटावर सोंगट्यांनी वेढलेल्या मोकळ्या जागेला गुण मिळतात. फ्रेंच चित्रपटदिग्दर्शक आल्बेर लामोरिस याने तयार केलेल्या व 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिस्क’ या खेळात जगाचे 42 प्रदेश असून, ताब्यातील प्रदेशांच्या संख्येनुसार नवे सैन्य मिळते. या सर्व खेळांत सत्ता सोंगटीबरोबर येते व सोंगटीबरोबरच जाते. तेथील रहिवाशांना मत नसते.

सांस्कृतिक सीमा : ही उणीव ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळमालिकेने काही अंशी भरून काढली. मालिकेचा पहिला खेळ 1991 मध्ये निघाला; सांस्कृतिक सीमा मात्र 2001 मधील तिसऱ्या खेळापासून आल्या. त्यात मंदिर, ग्रंथालय यांसारख्या वास्तूंमुळे नगराचे संस्कृतिगुण प्रत्येक फेरीस साठत जातात. साठा 10, 100, 1,000 अशा टप्प्यांवर पोहोचला की नगराची सीमा बाहेर सरकते. सीमेच्या आतील खाणी व शेती नगराला वापरता येतात. शेजाऱ्याचा प्रभाव फार वाढल्यास सीमेवरील नगर लढाईवाचून त्याला जाऊन मिळते. चौथ्या खेळात (2005) प्रत्येक घरात कोणत्या राष्ट्राची संस्कृती किती प्रमाणात आहे, याची नोंद राहते व अधिक वाटा असणाऱ्याकडे सामान्यतः त्या घराची मालकी जाते. मालक बदलला, तरी जुनी संस्कृती तेथे शिल्लक राहते व पुढे बंडाचे कारण होते. सहाव्या खेळाच्या 2018 मधील पुरवणीत निष्ठा हे माप आले. नऊ घरांच्या अंतरातील नागरिकांचा दाब नगरावर पडतो, अंतरागणिक तो घटतो आणि निष्ठा शून्यावर आली की नगर स्वतंत्र होते. त्यामुळे स्वदेशापासून दूर जिंकलेले नगर राखणे कठीण जाते.

हक्क व मान्यता : स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ मालिकेतील चौथ्या खेळात (2013) 1444 ते 1821 हा कालखंड असून अहमदनगरची निजामशाहीही एक राज्य म्हणून आढळते. येथे प्रदेश जिंकणे व तो आपला होणे या भिन्न गोष्टी आहेत. जिंकलेल्या प्रांतावर हक्क प्रस्थापित करण्यास काळ व प्रशासनशक्ती खर्चावी लागते. तसे न करता विस्तार केल्यास असंतोष वाढतो. राज्याने न स्वीकारलेल्या संस्कृतीच्या प्रांतांतून उत्पन्नही कमी मिळते.

अहमदनगरचे उदाहरण : मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन 1494 मध्ये अहमदनगर वसविले. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याने वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी (सध्या परभणी जिल्ह्यात) घेतली. फरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते व त्यामुळेच ते ठाणे त्याला हवे होते. सैन्यबळामागे पूर्वापार नात्याचा दावा असू शकतो, हे यावरून दिसते.

1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. पटावरील खेळ तेथे संपला असता. प्रत्यक्षात मलिक अंबरने परांडा, जुन्नर, दौलताबाद या ठाण्यांच्या आधारे राज्य चालू ठेवले. मधल्या काळात काही वर्षे अहमदनगरचा किल्लाही त्याच्याकडे आला. 1624 मध्ये नगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. निजामशाही 1636 मध्ये संपली. राजधानीचा ताबा म्हणजे मुलखाचा ताबा नव्हे, हे या छत्तीस वर्षांनी सिद्ध केले.

अठराव्या शतकात तर एका गावाचा एकच मालक ही कल्पनाच लागू पडत नाही. 1719 च्या सनदांनी मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखी मिळाली. परिणामी निजामाच्या अंमलातील गावांच्या वसुलातही मराठ्यांचा हिस्सा राहिला. शिवाय देशमुख, पाटील व कुलकर्णी यांची वतने निराळी होती. याच थकलेल्या चौथाईच्या वादातून 1795 मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे लढाई झाली. ब्रिटिश अमदानीतही जामखेडची अनेक गावे हैदराबाद संस्थानाच्या मुलखात विखुरलेली होती. अशा तुटक प्रदेशांची अदलाबदल 1950 मध्ये झाली, तेव्हा सीमा सलग झाली.

मर्यादा : खेळात प्रत्येक घराला एक रंग व एक धनी असतो. खेळ सुलभ होण्यास ते आवश्यक असले, तरी वसुलाचे वाटे, वतने व दुहेरी निष्ठा त्यामुळे लोपतात. प्रभाव केवळ वास्तूंच्या संख्येने मोजल्यास लोकांची भाषा, श्रद्धा व जमिनीशी असलेले नाते आकड्यात बद्ध होते. इतिहासाच्या रंगीत नकाशांतही हाच दोष येतो. म्हणून खेळाने सीमा का हलतात याची जाण येते. परंतु त्या सीमेवरील गावाने कोणाकोणाला सारा भरला, हे दप्तरावरूनच समजून घ्यावे लागते.